लिंपलेली ढोली

१

उद्यानातल्या धनेश पक्ष्यांच्या घरट्यांवर लक्ष ठेवणं हे माझं काम, आणि त्या हंगामात माझ्या वाट्याला ओढ्याकाठचं मोठं झाड आलं होतं. उजाडता उजाडता मी लपणात जाऊन बसायचे. लपण म्हणजे काय, चार बांबू, वर हिरवं कापड, आत एक स्टूल आणि मुंग्या. दुर्बीण तिकाटण्यावर लावायची, थर्मासातला चहा पुरवून पुरवून प्यायचा आणि झाडाकडे बघत राहायचं. ऊन डोक्यावर येऊन उतरायला लागलं की सामान आवरून गेटकडे परत.

धनेशाचा संसार ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगावा लागतो. मादी झाडाच्या उंच ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून चिखलानं लिंपून घेते. उरते ती बोटभर रुंदीची उभी फट. आत ती अंडी घालते, उडायची पिसं झाडून टाकते, आणि पुढचे कित्येक आठवडे तिचं जग त्या फटीएवढं. नर बाहेरून फळं आणतो आणि एकेक करून तिच्या चोचीत देतो. तो येत राहिला तर ती जगते.

कँटीनच्या वहिनींना मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा हातातला झारा तसाच धरून त्या म्हणाल्या, "बाळंतपणात नवऱ्याच्या हातचं खायला मिळतंय, आणि वर दार लिंपलेलं, म्हणजे सासू यायची भीती नाही. मजा आहे की बाईची."

वहिनी गेटजवळचं कँटीन चालवायच्या आणि त्यांचे यजमान पर्यटकांची जीप. दोघांची एकुलती एक मुलगी, अजून शाळेत न घातलेली. तिला सगळे गोटी म्हणायचे, कारण एका जागी ठेवली तर ती घरंगळत दुसरीकडे जायची. मी तिची पक्षीमावशी. दुपारी परत आले की तिला माझ्याकडून एकच गोष्ट हवी असायची: आतली धनेशीण खाऊ मागताना कशी ओरडते ते करून दाखवायचं. मी घशातून तो घोगरा, तुटक आवाज काढायचे. मग ती काढायची, माझ्यापेक्षा चांगला. गिऱ्हाइकं दचकून बघायची आणि वहिनी म्हणायच्या, ताई, तुमच्या नादानं ही पोरगी लग्नाच्या मांडवातसुद्धा असंच ओरडणार.

२

नर मेला तो विजेच्या तारेला लागून. गेटबाहेरच्या खांबाखाली तो गोटीच्या वडिलांना सापडला आणि त्यांनी तो पोत्यात घालून माझ्याकडे आणला. चोचीवरच्या पिवळ्या शिंगाला डावीकडे टवका गेलेला होता. तो टवका मी सगळा हंगाम दुर्बिणीतून बघत आले होते, त्यामुळे ओळख पटवायला काही उरलंच नव्हतं.

रेंजरसाहेबांकडे बसून आम्ही विचार केला. ढोली फोडून मादीला काढावं तर घाबरून ती पिल्लाला तुडवण्याची भीती. न काढावं तर उपासमार. साहेब पोटतिडकीचा माणूस. ते म्हणाले, शहरातून झाडावर चढणारी माणसं आणि पक्ष्यांचा डॉक्टर येईपर्यंत तुम्ही नजर ठेवा, कदाचित ती स्वतःच बाहेर येईल. मी मान हलवली. खरं म्हणजे ती आतल्या आत कशी विझत जाते ते मला बघत बसावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी लपणात शिरताना मला झाडाकडे बघवत नव्हतं. मादी ओरडत होती. फटीतून चोचीचं टोक बाहेर यायचं, उघडायचं, पुन्हा आत जायचं. थोड्या वेळानं मी थर्मासाचं झाकण उघडायला खाली वाकले. तेवढ्यात तिचा आवाज बदलला. मागण्याचा आवाज संपून गिळतानाचा तो ओला, घाईघाईचा आवाज आला. मी मान वर केली तर फटीत चोच नव्हती. आणि झाडाखाली बांधलेल्या जाळीत, जिथे तिनं थुंकलेल्या बिया गोळा होतात, तिथे टप्‌ असा आवाज करून एक बी पडली.

मोठा धनेश उडत आला की कळतंच. सतरंजी झटकावी तसा त्याच्या पंखांचा आवाज लांबून ऐकू येतो. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

३

माझं डोकं ताळ्यावर होतं हे आधी सांगते. धनेशाच्या काही जातींत दुसरे नर मदतीला येतात. एखादा तरुण, अजून जोडी न जमलेला नर येत असणार. मला आनंदच झाला. आता फक्त तो दिसायला हवा होता.

तो दिसेना. मी बघत असले की फट रिकामी. डोळ्यात घाम गेला, मुंगी चावली, डबा उघडला की तेवढ्यात काम उरकलेलं. पहिले काही दिवस मला हसू यायचं. नव्या सुनेसमोर न जेवणारे सासरे असतात, तसा लाजाळू पक्षी आहे म्हणून मी कँटीनमध्ये सांगितलंसुद्धा. मग मी एक दिवस चहा न नेता, पापणी लवू न देता बसले. मादी ओरडून ओरडून थकली. ऊन चढलं. शेवटी मलाच तिची दया आली आणि मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. लगेच, अगदी लगेच, गिळण्याचा आवाज आला. म्हणजे जे काही होतं ते तिथेच होतं. मी डोळे मिटायची वाट बघत होतं.

त्यानंतर मी झाडाला कॅमेरा बांधला. हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा, फटीकडे तोंड करून. सकाळी पाहिलं तर भिंगावर चिखल. फेकलेला किंवा उडालेला नव्हता, बोटानं सारवावा तसा गुळगुळीत लिंपलेला होता आणि कडा नीट निपटून घेतलेल्या होत्या. कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता.

जाळीतल्या बियांतही मला न ओळखता येणारी एक बी वारंवार यायला लागली. लांबट, काळी, एका अंगानं चपटी, ताजा गर चिकटलेली. मी तिचे फोटो माझ्या एका मित्राला पाठवले. तो झाडांचा अभ्यासक, आणि दुसऱ्याची चेष्टा करायची संधी न सोडणारा. त्याचा लगेच फोन आला. विचारत होता, तू हल्ली तळ्यात बुड्या मारतेस का. मग नीट सांगितलं: हे झाड खोऱ्याच्या अगदी तळाशी वाढायचं. धरण झालं तेव्हा खोरं बुडालं आणि ही झाडं सगळी पाण्याखाली गेली. आसपास एकही उरलेलं नाही. कुठून जुन्या बिया मिळाल्या तुला?

मी म्हणाले, जुन्या नाहीत. गर ओला आहे.

तो म्हणाला, मग तुला चुकीची बी दिसतेय. मलाही तेच म्हणायचं होतं. मी फोन ठेवला आणि हात पुन्हा पुन्हा धुतले. त्या गराचा वास मात्र जाईना. गोड होता, आणि त्याच्याखाली खोल पाण्याचा, गाळाचा वास.

४

गोटी हरवली ती भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. शाळेच्या दोन बसगाड्या एकदम आल्या होत्या. कँटीनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एका माकडानं तिच्या हातातला बिस्किटांचा पुडा पळवला आणि ती त्याच्यामागे धावली. तिथवर सगळ्यांनी पाहिलं, आणि हसले. मग कुणीतरी चहा मागितला, कुणीतरी सुटे मागितले, आणि वहिनींनी वळून पाहिलं तेव्हा मागचं अंगण रिकामं होतं.

त्या महिन्यात एक म्हातारी बिबटीण कँटीनच्या आसपास घोटाळत होती. दोन कुत्री नेली होती. हे प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणून ते कुणी बोललं नाही.

उद्यानाचे सगळे रक्षक, जीपवाले, बसगाड्यांचे ड्रायव्हर, सगळे पांगले. अंधार पडेपर्यंत आणि अंधार पडल्यावरही शोध चालू राहिला. वहिनी गेटपासून ओढ्यापर्यंत एकाच चालीनं फिरत होत्या आणि एकच हाक मारत होत्या. "गोटी, ये गं बाळा. गोटी, ये गं." रडणं नाही, किंचाळणं नाही. जेवायला बोलवावं तशी हाक. घाबरलेल्या आवाजानं मूल लपून बसतं म्हणून मुद्दाम साध्या आवाजात मारतेय, असं त्यांनी मला सांगितलं. ती हाक सगळ्या जंगलानं ऐकली.

गोटीचे वडील नुसते जीपचे दिवे लावून रस्त्यानं जात आणि येत होते.

५

सकाळी रेंजरसाहेबांनी भाग वाटून दिले. ओढ्याकाठ माझा, कारण तिथली वाट मला डोळे मिटून ठाऊक. धनेशाची त्या वेळी मला आठवणसुद्धा नव्हती. मी कपारी, करवंदीच्या जाळ्या, पाण्याचे डोह बघत चालले होते.

झाडाजवळ पोचले तेव्हा वरून मादीचा आवाज आला. तोच, घोगरा, तुटक, खाऊ मागणारा. मी थांबले. ती गप्प झाली. आणि मग तोच आवाज खालून आला.

त्या झाडाची मुळं भिंतींसारखी उभी होती, माझ्या खांद्याएवढी उंच. दोन मुळांच्या बेचक्यात एक ढोली होती. साळिंदराची असावी असं समजून मी तिच्याकडे कधी फारसं लक्ष दिलं नव्हतं. तिचं तोंड आता नव्हतं. तिथे चिखलाची गुळगुळीत भिंत होती आणि भिंतीच्या मधोमध एक उभी फट. फटीत एक तोंड होतं. उघडलेलं, ओठ चिकट, दुधाचे दात दिसणारं. ते धनेशिणीचा आवाज काढत होतं.

मी तिचं नाव घेतलं असेन. नक्की आठवत नाही. दोन्ही हातांनी मी ती भिंत फोडायला लागले. वरचा थर वाळलेला होता, कडा ओल्या होत्या, म्हणजे नुकत्या लिंपलेल्या. बाहेरच्या बाजूनं पंज्यांचे ओरखडे होते. चार चार समांतर, खोल, जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत. बिबटीण तिथे बराच वेळ बसून खरवडत राहिली असणार. आणि प्रत्येक ओरखड्यात ताजा चिखल भरून, हात फिरवून, तो पुन्हा सपाट केलेला होता.

आत गोटी पालापाचोळ्याच्या गादीवर बसली होती. अंगावर एक ओरखडा नाही. ढोलीत ऊब होती, आणि तो गोड, गाळाचा वास. भोवती काळ्या लांबट बिया पडल्या होत्या. मी तिला ओढून छातीशी धरलं तेव्हा ती रडली नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत तिनं विचारलं, "आता दार कोण लावणार?"

६

वहिनींनी तिला घेतलं आणि खाली बसल्या. किती वेळ बसल्या कुणास ठाऊक, कुणी त्यांना उठवलं नाही. गोटीच्या वडिलांनी जीपच्या बॉनेटवर डोकं टेकलं आणि त्यांचे खांदे हलताना मी प्रथमच पाहिले.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पोरगी ठणठणीत आहे, उलट पोट भरलेलं आहे. रेंजरसाहेबांनी झाड जाऊन पाहिलं आणि परत येऊन स्पष्टीकरण दिलं. वाळवीनं वारूळ बांधलं असणार, मूल आधीच आत असणार, फळं वरून धनेशिणीच्या तोंडून पडत असणार. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मीही हो म्हटलं. आम्ही दोघं शिकलेली माणसं एकमेकांना आधार देत होतो, एवढंच.

गोटीला काही विचारायचं नाही असं डॉक्टर म्हणाले होते, पण आईला कोण अडवणार? वहिनींनी तिला न्हाऊ घालताना, केस विंचरताना, थोडं थोडं विचारलं आणि मला सांगितलं. दार लावणारं ते बोलायचं नाही, फक्त खाऊ द्यायचं. दिसायला कसं होतं, ह्यावर गोटी म्हणाली, ते बाहेर होतं आणि मी आत होते, मग कसं दिसणार. हात होता की चोच होती, ह्यावर तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, लांब होतं. आणि मग आपणहून म्हणाली, "त्याला ना, खूप भीती वाटत होती."

"कशाची?" वहिनींनी विचारलं.

"मी रडेन ह्याची."

पहिले काही दिवस ती हातानं जेवायची नाही. ताट समोर असताना दाराच्या फटीकडे तोंड करून, तोंड उघडून बसायची. वहिनी हसत घास भरवायच्या, लाडोबा झालीस म्हणायच्या, आणि मग कँटीनच्या मागे जाऊन नळ सोडून उभ्या राहायच्या. नळाखाली भांडं नसायचं.

गोटीच्या वडिलांनी जीपचं डिझेल एका डब्यात काढून ठेवलं होतं. त्यांना ते झाड जाळायचं होतं. साहेब म्हणाले, राष्ट्रीय उद्यान आहे, काडी ओढलीत तर तुरुंगात जाल. ते म्हणाले, जातो. वहिनींनी तो डबा उचलून खाटेखाली ठेवला आणि खाटेवर गोटीला निजवलं.

७

लपणात परत जायचं मी टाळत होते. पण वर मादी होती, पिल्लू होतं, आणि शहरातली माणसं अजून आली नव्हती. शेवटी गेले. उजेड चांगला पडल्यावर गेले आणि थर्मास नेला नाही.

ती फुटलेली ढोली मला लपणातून तिरकी दिसत होती. वाळलेल्या चिखलाचे तुकडे तसेच पडलेले. मी दुर्बीण वरच्या फटीवर लावून बसले. बराच वेळ काही घडलं नाही. उन्हाचे कवडसे मुळांवरून सरकत होते. मला वाटलं, एक सावली कवडशांच्या उलट दिशेनं सरकतेय. मग वाटलं, सावली नाही, साल आहे. झाडाच्या मागच्या बाजूची साल जरा पुढे आली.

मी दुर्बीण वळवली नाही. वळवायची हिंमत नव्हती, आणि हललं की ते जाईल हेही कळत होतं. जे पाहिलं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून.

सालीच्या रंगाचं काहीतरी लांब, बारीक, मुळावरून खाली आलं. कोपर जिथे असायला हवं तिथे ते वाकत नव्हतं, आणि नको तिथे वाकत होतं. टोकाशी एक काळं फळ धरलेलं होतं. ते फुटक्या ढोलीत गेलं आणि थांबलं. वाट बघत थांबलं. घेणारं कुणी नव्हतं. ते बाहेर आलं, फळ तसंच. पुन्हा आत गेलं. मग फळ खाली ठेवून ते आत चाचपायला लागलं, पाचोळ्यावरून, भिंतींवरून, कोपऱ्यांतून. अंधारात पाळण्यात हात घालून मूल आहे ना ते बघतात, तसं. किती हळू. कुठे लागू नये म्हणून किती जपून.

माझ्या तोंडात माझाच हात होता, दात रुतलेले. भीती होतीच. पण खरं सांगू, त्या क्षणी मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि हे वाईट वाटणंच मला जास्त घाबरवत होतं.

मग त्यानं हाक मारली.

"गोटी, ये गं बाळा. गोटी, ये गं."

आवाज मोठा नव्हता. वहिनींचा होता.

८

पुढे हंगाम सरताना ती मादी आणि तिचं पिल्लू वरच्या ढोलीतून सुखरूप बाहेर पडली. शहरातल्या माणसांना झाडावर चढायची वेळच आली नाही. पण ते नंतर. आधी वहिनींचं सांगते.

मी धडपडत कँटीनवर पोचले तेव्हा त्या कांदा चिरत होत्या. मी कुठून सुरू करू ह्याच विचारात होते. त्यांनीच सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "माझ्याच आवाजात बोलवतं ना?"

रोज दुपारी त्यांना ती हाक ऐकू येत होती, मागच्या अंगणापलीकडून, लांबून. पहिल्यांदा वाटलं, भास आहे, त्या दिवशीच्याच हाका कानात राहिल्यात. मग दिसलं की हाक आली की गोटी खेळता खेळता उठते आणि "आले" म्हणत मागच्या दाराकडे चालू लागते. दार आतून लावलेलं असतं. ती कडीपर्यंत हात पुरवते. काल तिनं त्यासाठी डबा सरकवत नेला होता.

मी म्हटलं, वहिनी, तुम्ही इथून निघून जा. शहरात, माहेरी, कुठेही. गोटीचे बाबा झाड जाळायचं म्हणतायत तेही एका परीनं...

"नाही," त्या म्हणाल्या. "रात्रभर बिबटीण दारात खरवडत होती आणि ते भिंत लिंपत होतं. माझं मूल माझ्या आधी त्यानं राखलं. त्याला मी आग कशी लावू? पण मूलही मी द्यायची नाही." त्यांनी हात पुसले. "त्याला कुणी सांगितलंच नसेल हो. रिकामं घर बघितलंय बिचाऱ्यानं. माझं झालं तेच त्याचं झालंय."

गोटीला वडिलांपाशी ठेवून आम्ही दोघी निघालो. मी दहादा म्हटलं, नको. पण त्यांना एकटं जाऊ देणं माझ्याच्यानं होईना. ऊन लख्ख होतं. जंगलात दुपारची ती पेंग आली होती, पानसुद्धा हलत नव्हतं. झाडापाशी आलो तेव्हा फुटक्या ढोलीत फळांची लहानशी रास दिसली. खालची सडायला लागलेली, वरची ताजी.

वहिनी राशीजवळ उकिडव्या बसल्या. घसा साफ केला. मग शेजारणीशी बोलावं तसं बोलायला लागल्या. त्यांनी सांगितलं की गोटी घरी आहे, बरी आहे. आता स्वतःच्या हातानं जेवते. झोपेत दात खाते पण ते आधीपासूनच आहे. फळं फार गोड होती असं म्हणाली. झाडामागे काही होतं का, मला माहीत नाही. एवढं खरं की वरची मादी पूर्ण वेळ गप्प होती, आणि ओढ्यातला बेडूकसुद्धा ओरडला नाही.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुझे उपकार मी फेडू शकत नाही. पण ती माझी आहे. आता तिला हाक मारू नकोस. येईल ती, इतकी वेडी आहे. आणि आली तर मी मरेन." मग वर बोट दाखवून, हळू आवाजात, "तुझी ती मायलेकरं वर आहेत ना गं. त्यांना भूक लागली असेल. त्यांचं बघ."

आम्ही उठलो आणि परत फिरलो.

वाटेच्या पहिल्या वळणावर मला मागे पाचोळा वाजलेला ऐकू आला. आम्ही चाललो की वाजायचा, थांबलो की थांबायचा. हलका आवाज होता, पण त्यात दोन पायांचा ताल नव्हता आणि चार पायांचाही नव्हता. तो वासही आला. माझी मान आपोआप वळायला लागली. वहिनींनी माझं मनगट पकडलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"बघू नका, ताई," त्या पुढे बघतच म्हणाल्या. "पोचवायला आलंय."

तसेच चालत राहिलो. बांबूचं बेट गेलं, मुरुमाचा रस्ता लागला, आणि तिथे मागचा आवाज थांबला. पुढे कँटीनचं मागचं अंगण दिसत होतं. गोटीच्या वडिलांचा डोळा लागला असावा. दार उघडं होतं आणि गोटी अंगणाच्या कडेला एकटीच, झाडांकडे तोंड करून, कान देऊन उभी होती.

वहिनींनी लांबूनच हाक मारली. "गोटी, ये गं."

गोटीनं आमच्याकडे पाहिलं. मग झाडांकडे पाहिलं. मग पुन्हा आमच्याकडे. आवाज कुठून आला ते ती ठरवत होती. वहिनींनी तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं. दुसरी हाक त्यांनी मारली नाही. त्या रस्त्याच्या मधोमध, उन्हात, गुडघ्यांवर बसल्या आणि नुसते दोन्ही हात पसरले.

मागे झाडांमध्ये कुणीही काहीही बोललं नाही.

गोटी त्या पसरलेल्या हातांकडे बघत राहिली, आणि मग पळत सुटली. चप्पल एक पायात, एक अंगणात, अशी सरळ त्यांच्या अंगावर येऊन आदळली.